पूल नव्हते तेव्हा पैलतीर कोणी गाठले?

दीक्षाभूमीला निघालेला मुंबईचा उतारू रात्री कल्याणच्या पुढे डोळे मिटतो आणि दिवस वर आला की वर्ध्याच्या आसपास डबा उघडून भाकरी-चटणी खातो. मधल्या प्रवासात गाडीने किती नद्या ओलांडल्या, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. वर्धा नदीवरून गाडी धडधडत जाते. पलीकडच्या गावाचे नावच पुलगाव. पण त्या नावातला पूल कोणाला आठवत नाही. एवढा आपल्याला पूल अंगवळणी पडला आहे.

परंतु रेल्वे आणि लोखंडी पूल येऊन अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. आपल्या देशातला पहिला रेल्वे पूल ठाण्याच्या खाडीवर झाला तो १८५४ साली. त्यापूर्वीची हजारो वर्षे माणसे नदी ओलांडतच होती. व्यापारी ओलांडत होते, सैन्ये ओलांडत होती, लेकीबाळी माहेरी येत-जात होत्या, आणि चीवर खांद्यावर टाकून भिक्खू गावोगाव धम्म सांगत फिरत होते. ते सारे कसे पलीकडे जात? त्यांना पलीकडे कोण नेत असे? आणि त्याचे पैसे कोण भरत असे? हे प्रश्न दिसायला साधे आहेत. पण त्यांची उत्तरे शोधू लागले की आपल्या समाजाचा सारा इतिहास त्यात दिसू लागतो.

तीर्थ म्हणजे काय?

पहिली गोष्ट शब्दाची. 'तीर्थ' हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर काय येते? घाट, पुजारी, पिंडदान, दक्षिणा. वास्तविक तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजेच ज्याला आपण खेड्यात 'उतार' म्हणतो तो. नदी जिथे पसरट आहे, पाणी कमरेखाली आहे, तळाशी वाळू किंवा खडक आहे, तिथून बैलगाडी जाते, गुरे जातात, माणसे जातात. पालीत त्याला 'तित्थ' म्हणतात. अशा जागी वाटा येऊन मिळत, मुक्काम पडत, बाजार भरे, वस्ती वाढे. आपल्याकडची कितीतरी जुनी गावे उतारावर वसलेली आहेत.

म्हणजे तीर्थ ही मुळात सर्वांच्या सोयीची जागा. तिथून जो तो पलीकडे जाई. पुढे पलीकडे नेणे मागे पडले आणि अलीकडेच बसून दक्षिणा घेणे सुरू झाले. ज्या जागेचे कामच माणसांना पार करणे, त्याच जागेवर काही माणसांना पाण्याजवळ येण्याची बंदी झाली. ही उलटापालट ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ.

नाव, उळुम्प आणि कुल्ल

गंगा ओलांडण्याचे एक फार जुने आणि फार बोलके वर्णन आपल्याच धम्मग्रंथात आहे. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या अखेरच्या प्रवासाची हकिगत आहे. राजगृहाहून निघून तथागत पाटलिगामला आले. ते त्या काळी गंगाकाठचे एक गाव होते. मगधाचे दोन मंत्री, सुनीध आणि वस्सकार, वज्जींना तोंड देण्यासाठी तिथे नगर उभारण्याच्या कामात होते. हेच पुढे पाटलिपुत्र झाले, आणि आज त्यालाच पाटणा म्हणतात. तथागत ज्या वेशीतून बाहेर पडले तिला 'गोतमद्वार' आणि ज्या उतारावरून गंगा ओलांडायची त्याला 'गोतमतित्थ' असे नाव द्यायचे, असे मंत्र्यांनी ठरवले होते.

तथागत काठावर आले तेव्हा गंगा दुथडी भरलेली होती. काठावर बसल्या जागी कावळ्याने चोच बुडवून पाणी प्यावे इतकी भरलेली. पलीकडे जायला लोकांची धावपळ चालली होती. कोणी नाव शोधत होते, कोणी उळुम्प शोधत होते, कोणी कुल्ल बांधत होते. तथागत क्षणात पैलतीरी दिसले असे सुत्तात पुढे म्हटले आहे. चमत्काराचा तो भाग आपण बाजूला ठेवू; बाबासाहेबांनी आपल्याला तशीच शिकवण दिली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती काठावरच्या सामान्य माणसांची नोंद. अडीच हजार वर्षांपूर्वी गंगा ओलांडण्याची तीन साधने कोणती, ते इथे नावानिशी सांगितले आहे. नाव म्हणजे होडी. उळुम्प म्हणजे लाकडे खिळ्या-मेखांनी ठोकून जोडलेला तराफा. कुल्ल म्हणजे वेलींनी वगैरे बांधून केलेला साधा तराफा. पाली अट्ठकथेत हा फरक असाच समजावून दिला आहे.

ज्यांना हे चित्रात पाहायचे असेल त्यांनी सांचीला जावे. पहिल्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर उरुवेलेच्या पुराचा प्रसंग कोरलेला आहे. नेरंजरा नदीला पूर आला, तथागत त्यात सापडले असतील असे वाटून कस्सप आपल्या शिष्यांसह नाव घेऊन धावला, तो हा प्रसंग. त्या नावेच्या फळ्या आणि वल्हे शिल्पकाराने दगडात नीट दाखवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची होडी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाटण्यापाशी गंगेवर महात्मा गांधी सेतू खुला झाला तो १९८२ साली. तोपर्यंत पाटण्याचा माणूस महेंद्रू घाटावरून पहलेजा घाटाला आगबोटीने किंवा नावेने जात असे. म्हणजे तथागतांनी जिथे गंगा ओलांडली त्या शहरात पूल व्हायला जवळजवळ अडीच हजार वर्षे लागली! साडेपाच किलोमीटरहून लांब असा तो पूल पाहिला म्हणजे कळते की इतकी वर्षे का लागली. मोठ्या नदीला ओलांडणे ही कधीच सोपी गोष्ट नव्हती.

गरिबाचा तराफा

तथागतांची तराफ्याची उपमा आपल्यापैकी पुष्कळांनी विहारात ऐकली असेल. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात ती आहे. एक वाटसरू मोठ्या पाण्यापाशी येतो. अलीकडचा काठ धोक्याचा, पलीकडचा सुरक्षित. नाव नाही, पूल नाही. मग तो गवत, लाकडे, फांद्या, पाने गोळा करतो, त्यांचा तराफा बांधतो आणि हातापायांनी पाणी मारत पलीकडे जातो. पलीकडे गेल्यावर त्याने तो तराफा डोक्यावर घेऊन हिंडावे काय? नाही. धम्म हाही तसाच पार होण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नाही, असे तथागत सांगतात.

या उपमेचा शेवटचा भाग नेहमी सांगितला जातो. मला सुरुवातीच्या भागाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तथागतांना राजाची नौका ठाऊक होती, व्यापाऱ्याचे तारू ठाऊक होते. तरी त्यांनी उपमेला घेतला तो गवता-काटक्यांचा तराफा. गंगेच्या काठच्या अगदी गरीब माणसालाही तो बांधता येत असे. त्याला भाडे पडत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. त्या उपमेत नावाडी नाही, ठेकेदार नाही, आणि मधे बसलेला पुरोहितही नाही. आहेत ते माणसाचे स्वतःचे हातपाय. 'स्वयंप्रकाशित व्हा' असे सांगणाऱ्या गुरूला हीच उपमा शोभते.

याच्या उलट दुसरी कल्पना पाहा. मेल्यानंतर वैतरणी नदी लागते, ती ओलांडायला गाईचे शेपूट धरावे लागते, म्हणून मरणाऱ्याच्या हातून ब्राह्मणाला गाय दान द्यावी. नदीच नसलेल्या ठिकाणी नदी दाखवायची आणि तिच्यावर भाडे घ्यायचे! घरात खायला नसताना कर्ज काढून असे गोदान केलेली कुटुंबे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेली आहेत. एक गुरू म्हणतो, स्वतः तराफा बांध. दुसरा म्हणतो, आधी गाय दे. यातला फरक मुलांना समजावून सांगायला दुसरे उदाहरण नको.

भोपळे, पखाली आणि टोपल्या

देशात जिथे जे मिळे त्याचे साधन लोकांनी बनवले. आपल्याकडे वाळलेले भोपळे दोरीने बांधून त्यांची सांगड करीत आणि तिच्या आधाराने नदी पार करीत. 'सांगड घालणे' असे आपण रोज बोलतो ते यावरूनच. पंजाबात सतलज, बियास या वेगवान नद्यांवर बैला-म्हशीचे अख्खे कातडे हवा भरून फुगवीत. नावाडी त्यावर पोटावर पालथा पडून हातापायांनी पाणी मारी आणि उतारू त्याच्या पाठीवर बसे. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडरने झेलम ओलांडली तेव्हा त्याच्या सैन्याने नावांबरोबर कातड्यात भुसा भरून केलेले तराफेही वापरले होते. उत्तरेत पाणी ओसरले की नावा एकीला एक जोडून, वर फळ्या टाकून नावांचा पूल करीत, आणि पावसाळ्यापूर्वी सोडवून ठेवीत. आजही प्रयागला मोठ्या मेळ्यात लोखंडी पिंपांवर बांधलेले तसे पूल असतात.

डोंगरात दोरांचे झुलते पूल होते. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात येताना सिंधू नदीवर अशाच दोरांच्या पुलावरून आला. आधी कड्यात खोदलेल्या सातशे पायऱ्या उतरायच्या आणि मग तो झुलता पूल. ह्यूएनत्संगाची गोष्ट तर सर्वांनी वाचावी अशी आहे. अनेक वर्षांच्या प्रवासानंतर तो ग्रंथ घेऊन स्वदेशी परत निघाला होता. स्वतः हत्तीवर बसून त्याने सिंधू ओलांडली. ग्रंथ आणि बरोबरची माणसे नावेत होती. मध्यप्रवाहात वादळी लाटा उठल्या, नाव हेलकावली, ग्रंथ सांभाळणारा माणूस पाण्यात पडला. त्याला इतरांनी वाचवले. पण ग्रंथांची पन्नास हस्तलिखिते आणि फुलांचे बियाणे वाहून गेले. ह्यूएनत्संग पन्नासएक दिवस तिथेच थांबला, माणसे पाठवून गेलेल्या ग्रंथांच्या नकला करवून घेतल्या आणि मगच पुढे निघाला. धम्माचे जे वाङ्मय चीनमध्ये टिकले त्यामागे अशा नदीकाठच्या चिकाटीचा वाटा आहे.

दक्षिणेत तुंगभद्रा आणि कृष्णेवर हरिगोल चालत. हरिगोल म्हणजे बांबूची मोठी गोल टोपली, तिला बाहेरून कातडे मढवलेले. डोमिंगो पायस नावाचा पोर्तुगीज व्यापारी १५२० च्या सुमारास विजयनगरला आला होता. अनेगुंदीपाशी त्याने हे हरिगोल पाहिले. एकेकात पंधरा-वीस माणसे बसत, वेळ पडल्यास घोडे-बैलही नेत, आणि ती टोपली सरळ न जाता गरगर फिरत पलीकडे जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे.

इथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या टोपलीवरचे कातडे कोठून आले? मेलेले जनावर कोणी ओढले, कोणी सोलले, कोणी कमावले? गावगाड्याने हे काम ज्यांच्यावर लादले होते त्यांचा स्पर्श चालत नव्हता. मात्र त्यांच्या हातचे कातडे बुडाखाली घेऊन नदी ओलांडायला सवर्णांची हरकत नव्हती. पाणी लागल्यावर विटाळ आपोआप धुऊन जात होता, असेच म्हणायचे!

भाड्याचा तक्ता

आता हिशोबाकडे वळू. आयुष्य खतावणीत घालवलेल्या माणसाला दरपत्रक दिसले की राहवत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नावाध्यक्ष' या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तरीचे भाडे ठरवून दिले आहे. लहान जनावर किंवा ओझे घेतलेला माणूस यांना एक माष, गाय-घोड्याला दोन, उंट-म्हशीला चार, आणि लहान-मोठ्या गाड्यांना पाच ते सात माष. मोठ्या नद्यांवर हेच भाडे दुप्पट. ठरलेली जागा व वेळ सोडून कोणी नदी ओलांडली तर दंड. माणसे किंवा सामान अपुरे असल्यामुळे नाव बुडाली तर नुकसानभरपाई नावाध्यक्षाने करायची, असाही नियम आहे. आजच्या कित्येक अधिकाऱ्यांनी हा नियम वाचण्याजोगा आहे. भाडे माफ कोणाला? ब्राह्मण, प्रव्रजित, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा निरोप्या आणि गर्भवती स्त्री यांना.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही असाच तक्ता आहे. रिकाम्या गाडीला एक पण, माणसाच्या ओझ्याला अर्धा पण, जनावराला आणि स्त्रीला पाव पण, मोकळ्या माणसाला त्याच्याही निम्मे. दोन महिन्यांवरील गर्भवती, संन्यासी, वानप्रस्थ मुनी आणि ब्राह्मण ब्रह्मचारी यांना माफी. अर्थशास्त्रातल्या माफीच्या यादीत म्हातारा होता, आजारी होता, मूल होते. मनूच्या यादीत त्यांची नावे नाहीत. ब्राह्मण मात्र दोन्हीकडे आहे! आणि जो नावाडी दिवसभर पाण्यात उभा राहून साऱ्यांना पार करतो त्याचे स्थान काय? त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात नावेवर पोट भरणाऱ्या कैवर्ताला संकरापासून जन्मलेला, हलक्या जातीचा ठरवून ठेवले आहे. दुसऱ्याला तारणारा स्वतः कायमचा अलीकडच्या काठावर!

आपल्याकडेही नावेचे काम कोळी, भोई यांच्याकडे असे. सुगीला चार पायल्या धान्य आणि वर्षभर पाण्यात उभे राहणे. आणि आपल्या महार समाजाचे काय? सरकारी सारा तालुक्याला पोहोचवणे, निरोप-टपाल नेणे, अंमलदाराचे सामान वाहणे, वाटसरूला वाट दाखवणे ही वतनाची कामे. त्यांना दिवस-रात्र नव्हती आणि पाऊस-पाणीही नव्हते. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. नदीच्या उताराची खरी माहिती असायची ती अशा पायी फिरणाऱ्या माणसाला. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक आणले ते याच वेठीतून सोडवण्यासाठी. ती वतने कायद्याने संपायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले.

त्रिरश्मीचा शिलालेख

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील बुद्धलेणी आपल्यापैकी हजारोंनी पाहिली असतील. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, हे तिथल्या भिंतीच सांगतात. तिथल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक मोठा शिलालेख आहे. तो आहे उषवदाताचा, ज्याला ऋषभदत्त असेही म्हणतात. क्षहरात क्षत्रप नहपान याचा तो जावई, जन्माने शक, म्हणजे परदेशी मूळचा. काळ इसवी सनाचे दुसरे शतक.

या लेखात उषवदाताने आपल्या दानांची यादी दिली आहे. ब्राह्मणांना गाई दिल्या, गावे दिली, हेही त्यात आहे. ते लपवण्याचे कारण नाही. भिक्खुसंघासाठी हे लेणे कोरले, हेही आहे. आणि त्यातच एक ओळ अशी आहे की जिच्यापाशी आपण थांबलेच पाहिजे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावांची 'पुण्यतर' सोय केली. पुण्यतर म्हणजे भाडे न घेता चालवलेली तर. एवढेच नव्हे, तर नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा म्हणजे बसण्या-उतरण्याच्या जागा आणि प्रपा म्हणजे पाणपोया केल्या.

यातली तापी आपल्या सर्वांच्या ओळखीची. दमण म्हणजे आजची दमणगंगा, पारादा म्हणजे वलसाडकडची पार, आणि दाहनुका डहाणूची. नाशिकहून कोकणपट्टी आणि गुजरातच्या बंदरांकडे जाणारा व्यापाऱ्यांचा, बैलांच्या तांड्यांचा, भिक्खूंचा हा मुलूख. ऐन पावसाळ्यानंतर या नद्या फुगलेल्या असत. एवढ्या नद्यांवर भाडे भरता भरता गरीब वाटसरूची कंबर मोडत असणार. तिथे ही मोफत तर. या नावेच्या ओळीत वर्णाचे नाव नाही, जातीचे नाव नाही. अमक्याला माफी आणि तमक्याला पाव पण असा तक्ता नाही. मनूचा तक्ता आणि त्रिरश्मीची ही ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचावी, म्हणजे सवलत कशाला म्हणतात आणि सार्वजनिक सोय कशाला म्हणतात हे ध्यानात येते.

याच लेण्यातला दुसरा लेख हिशोबी माणसाला आणखी आवडेल असा आहे. इथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या चीवरादी खर्चासाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. दान एकदा देऊन भागत नाही, ते चालते राहावे लागते, हे त्या काळच्या लोकांना कळत होते. आपल्या विहार समित्यांच्या कार्यकर्त्यांनी हा लेख जरूर पाहावा. देणगीची पावती आणि मुदत ठेव या गोष्टी आपल्या परंपरेत नव्या नाहीत!

आणि याच नाशिकमध्ये काय घडले? जिथे दुसऱ्या शतकात मोफत नावेची गोष्ट दगडावर कोरली गेली, त्याच गोदावरीच्या गावी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचे दरवाजे आपल्या माणसांसाठी बंद करण्यात आले, आणि पाच वर्षे सत्याग्रह चालूनही ते उघडले नाहीत. गोदाकाठी तीर्थ होते; पण पार नेणारे कोणी उरले नव्हते.

बोट दासगावला लागली

पाणी आणि पार होणे यांचा विचार करताना महाडला विसरून कसे चालेल? डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेला बाबासाहेब मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीने. तारीख होती २४ डिसेंबर. समुद्रातून आणि मग सावित्रीच्या खाडीतून बोट २५ तारखेला दासगाव बंदराला लागली. हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. तिथून सुमारे पाच मैल चालत मोर्चा महाडला पोहोचला, आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. नावेच्या भाड्यातही वर्ण पाहणाऱ्या त्या ग्रंथाला जाळायला निघालेली माणसे पाण्यावरूनच आली होती!

त्यानंतरचा मोठा पूल बाबासाहेबांनीच बांधला, तो संविधानाचा. कलम १५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांनी एकत्र येण्याच्या जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. १९५५ च्या कायद्याने नदी, घाट आणि सार्वजनिक वाहने यांच्या वापरास अस्पृश्यतेपोटी अडवणे हा गुन्हा ठरला. नावेत बसण्याचा आणि उतारावर पाय ठेवण्याचा हक्क आता कोणाच्या पुण्यावर अवलंबून नाही. तो कायद्याचा आहे.

पण कायदा झाला म्हणजे पूल झाला असे नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला जुना पूल महाडजवळ कोसळला आणि दोन एस. टी. बससह कित्येक जीव वाहून गेले. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिव धानोरा गावची मुले जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलच्या तुकड्यावर बसून शाळेत जातात, ही गोष्ट वृत्तपत्रांत आली आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वतःहून तिची दखल घेतली. हातापायांनी पाणी मारत जाणारी ती मुले पाहून तराफ्याची उपमा आठवते खरी. पण ती उपमा माणसाच्या निर्धाराची होती; सरकारच्या हलगर्जीपणाला झाकण म्हणून ती वापरता येणार नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वी एका क्षत्रपाच्या जावयाला सहा नद्यांवर मोफत नावा ठेवाव्याशा वाटल्या, आणि आजच्या लोकशाहीत शाळेच्या मुलांना थर्माकोल, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. येत्या सुटीत मुलाबाळांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांना जा. नुसते फोटो काढून परतू नका. दहा क्रमांकाच्या लेण्यापाशी उभे राहून त्या सहा नद्यांची नावे मुलांकडून पाठ करून घ्या, आणि ही पांडवांची नव्हे, आपल्या धम्माची लेणी आहेत हे त्यांना पुराव्यानिशी सांगा. दुसरी गोष्ट घरातल्या वयोवृद्धांची. तुमच्या आजी-आजोबांनी पूल नसताना नदी कशी ओलांडली, नाव कोणाची होती, नावेत बसायला जागा कुठे मिळे, भाडे काय पडे, पुरात कोणावर काय प्रसंग आला, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. राजांनी आपला इतिहास दगडावर कोरून ठेवला. आपल्या माणसांचा इतिहास त्यांच्या तोंडीच राहिला आहे, आणि ती माणसे एकेक करून चालली आहेत. ही वही भरून ठेवण्याचे काम या पावसाळ्यातच सुरू करावे.